दादांच्या हातात खर्रा देऊ नका



2004 च्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. गुटख्याची सवय होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. ऑपरेशन झालं, दात गेले, तोंड नीट उघडेना. तरी दहा वर्षं कृषिमंत्री राहिले.

आपल्या संस्थेतले एक दादा त्याच वाटेवर आहेत. गाठ फार वाढलेली, गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागला. पेज गालातून गळते, म्हणून चारचौघांत जेवत नाहीत. आता डॉक्टर पायाचं हाड, कातडी नसेसकट घेऊन जबडा बांधणार. ती बारीक नस मानेतल्या नसेला जोडतात. तंबाखूने नसा आकसतात. रक्त पोचलं नाही की लावलेलं मांस काळं पडतं, सगळी मेहनत वाया. म्हणून तयारी एवढीच: खर्रा बंद, अंडी, डाळ, कुस्करलेला मासा, तोंड उघडायचा व्यायाम.

दादांनी सोडलाय. पण परवा काठावर एकाने मायेनंच पुडी पुढे केली. नाववाल्यांनो, तेवढं करू नका.

तुमच्याही तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवा. कॅन्सरचं ऑपरेशन आरोग्यश्रीत बसतं. कागदं संस्थेत आणा, भरून देतो.