सूज आणि मूत्रपिंडाचे भवितव्य

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पापण्या सकाळी सुजलेल्या दिसाव्यात, सायंकाळी पायांवर बोट दाबले असता खळगा पडावा, आणि 'नेफ्रोटिक सिंड्रोम' हे नाव कानी पडताच 'किडनी फेल झाली' असा निकाल घरात परस्पर लागावा, हे सर्रास घडते. वस्तुतः या विकारात मूत्रपिंडाच्या गाळण्या सच्छिद्र होऊन रक्तातील अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते व त्यामुळे सूज येते. रक्तशुद्धीचे कार्य मात्र पुष्कळदा शाबूत असते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली लघवीतील अल्ब्युमिन, सूज व मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दाखवला, तेव्हा चमच्यातील लघवी मेणबत्तीवर तापवून ती साकळते की नाही, एवढीच परीक्षा हाती होती. आज तेच काम घरच्या घरी कागदी पट्टी करते.

यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेच मूत्रपिंड बिघडते, हा समज अधिक घातक. बालवयात हा विकार जडलेल्यांपैकी बहुसंख्य मुलांची लघवी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने प्रथिनमुक्त होते, आणि अशांचे मूत्रपिंड, दुखणे पुनःपुन्हा उलटले तरी, क्वचितच निकामी होते. खरा धोका औषधाला दाद न देणाऱ्या प्रकारात आहे, कारण त्यात गाळण्यांवर हळूहळू व्रण पडत जाऊन काही वर्षांत डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते. पौगंडावस्थेत असे प्रकार तुलनेने अधिक आढळतात, म्हणून डॉक्टर बायोप्सी सुचवतात. तिने किडनी खराब होईल ही भीती अनाठायी आहे, कारण एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि सुई त्यांतील दहा-वीसच काढते. रक्तस्रावाचा अल्प धोका असतो, पण त्यासाठीच रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात.

प्रथिन वाहून जाते म्हणून अंडी-डाळींचा मारा करण्यानेही काही साधत नाही. वयानुरूप आहार पुरेसा, आवर मिठाला घालावा. मूत्रपिंड एकाएकी बंद पडण्याचा प्रसंगही येतो, तो बहुधा जुलाब-उलट्या, जंतुसंसर्ग, मनाने घेतलेल्या लघवीच्या गोळ्या किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके यांमुळे, आणि वेळीच उपचार झाल्यास तो पुष्कळदा टळतो.

स्टेरॉइडने चेहरा वाटोळा झाला, मुरुमे आली, म्हणून या वयातील मुले त्या गोळ्या गुपचूप बंद करतात; त्यांची ती व्यथा खरी आहे, तिची हेटाळणी करू नये. परंतु स्टेरॉइड एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. पालकांनी मात्रा कमी करण्याचा विषय डॉक्टरांपुढे मुलासमक्ष काढावा, रोजच्या पट्टीची नोंद वहीत ठेवावी, आणि लघवी घटली, ताप आला वा पोट दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.