हुसेन यांच्या चित्रांत कंदील कुठून आला?

एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे फॉर्म निघाले की महाड-पोलादपूरकडे आम्हा शिक्षकांना पालकांचा ठरलेला सवाल येतो. "सर, चित्रं काढून पोट भरतं का? आणि आपल्यात ते चालतं का?" गेल्या खेपेला एका हुशार मुलीचं नाव असंच मागे घेतलं गेलं. जायज-नाजायजचा निवाडा उलेमांनी करावा. आम्ही फक्त मकबूल फिदा हुसेन यांच्याबद्दल सांगतो.

1915 साली पंढरपुरात, सुलेमानी बोहरा घरात त्यांचा जन्म झाला. आई झैनब ते तान्हे असतानाच वारली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढे मदर तेरेसांची चित्रं काढताना त्यांनी निळ्या काठाची पांढरी साडी रंगवली, चेहरा मात्र कोराच ठेवला. इंदूरला आजोबा कंदील-दिव्यांचं काम करायचे, तो कंदील चित्रांत आला. त्यांच्या नावाजलेल्या घोड्यांमागे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल आहे. बडोद्याच्या मदरशात खुशखत शिकले, ते वळण रेषेत उतरलं. म्हणजे कलेचं सामान घरातलं आणि मोहल्ल्यातलंच!

मुंबईत मात्र त्यांनी हालात दिवस काढले. मचाणावर चढून सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, चौरस फुटाला काही आणे मिळायचे. लाकडी खेळणी, फर्निचरचे नमुनेही केले. 1947 मध्ये सूझा, रझा यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये आले. गावाकडचं जगणं दाखवणाऱ्या 'जमीन' या चित्राला 1955 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1991 मध्ये पद्मविभूषण.

पुढचंही मुलांपासून लपवू नये. देवींच्या चित्रांवरून खटले झाले, 2006 मध्ये त्यांनी देश सोडला, 2010 मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि 2011 साली लंडनमध्ये इंतकाल झाला. 2004 मध्ये 'मीनाक्षी'तल्या गाण्यावर आपल्याच काही संघटनांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी सिनेमा थिएटरांतून काढून घेतला होता.

आता फॉर्मचं. एलिमेंटरीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असतं. त्यात भांडी, फळं, नक्षी, अक्षरं येतात. माणसं बहुतेक स्मरणचित्रातच. हे कित्येक पालकांना माहीतच नसतं. शिवाय इंटरमिजिएट पास झाल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात, ते वेगळेच.

त्या मुलीच्या वहीत 2021 च्या पुरानंतरचं घर आहे, भिंतीवर पाण्याची खूण आणि ओट्यावर वाळत घातलेल्या किताबा. यंदा फॉर्म निघण्याआधीच आम्ही तिच्या अब्बांना ती वही दाखवणार आहोत.