झाडाचे औषध, पण काढा नव्हे



गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीतल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना टॅक्सॉलची सलाईन सुरू व्हायची होती. पिशवीतून त्यांनी भारतातून आलेली झाडपाल्याची पुडी काढली आणि म्हणाल्या, "सिस्टर, डॉक्टरांचे औषधही झाडाचेच आहे म्हणतात. मग सुई कशाला टोचून घेऊ? हीच पूड घेते."

त्यांचे अर्धे बोलणे खरे होते. टॅक्सॉल यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. त्याची रचना १९७१ साली डॉ. मन्रो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी प्रसिद्ध केली. हे वाणी जन्माने आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारचे. पण यू फार सावकाश वाढते, सालीत औषध अगदी थोडे असते आणि साल सोलली की झाड मरते. पुढे पानांतल्या द्रव्यापासून औषध करण्याची रीत निघाली, आणि नंतर टिश्यू कल्चर मदतीला आले.

यात करतात काय? झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करतात. सणाच्या हलव्यात काहीजणी चायना ग्रास घालतात ना, तोच अगर बाटलीत घट्ट करतात; त्यात साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरके असतात. त्यावर ठेवलेल्या तुकड्यातून पेशींचा मऊ गोळा वाढतो. स्वच्छता आमच्या ऑपरेशन थिएटरसारखी. बुरशीचा एक कण शिरला तरी बाटली फुकट! शेंड्याच्या तुकड्यापासून इथली केळीची रोपेही याच विद्येने तयार होतात. टॅक्सॉलसाठी मात्र रोप करावे लागत नाही. पेशी मोठ्या टाक्यांत, द्रवात वाढवतात आणि त्यातून औषध काढून शुद्ध करतात. झाड शाबूत राहते.

मी मावशींना म्हटले, "यूची पाने कच्ची खाल्ली तर हृदय बंद पडू शकते. तेच झाड औषध होते ते शुद्ध करून, तुमची उंची आणि वजन पाहून, मोजून नसेतून दिले म्हणून. या पुडीत काय आहे, किती आहे, कोण सांगणार?"

आणखी एक. टॅक्सॉलचा निचरा यकृत करते. काही वनस्पती त्या कामात ढवळाढवळ करतात. मग औषध अंगात साचते किंवा कमी पडते. म्हणून काढा असो, हळदीच्या कॅप्सूल असोत, पाकीट कुपत होलीमच्या डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. सलाईन चालू असताना धाप लागली, छाती आवळली किंवा अंगावर पुरळ आले तर ताबडतोब नर्सला सांगा. घरी ३८ अंश ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. हातापायांना मुंग्या येत असतील तर पुढच्या सलाईनआधी बोला.

मावशींनी पुडी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती बंद ठेवायला सांगितली. उपचार पुरे झाले. आता डोक्यावर नवे केस उगवताहेत. तुळशीचा चहा मात्र डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू केलाय!

प्रकृतीला जपा.