87 मोठे की 95?



शाळेच्या सुटीत आम्ही जर्सी सिटीला आमच्या भाच्याकडे राहावयास गेलो होतो. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरील भारतीय दुकानांतून डाळ-तांदूळ घेऊन परतताना त्याने मोटार पेट्रोल पंपावर थांबविली. न्यू जर्सीत 1949 पासून गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरू देत नाहीत. म्हणून आम्ही आत बसून पंपावरील आकडे वाचीत होतो: 87, 89, 93. खाली लिहिले होते की यात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे.

आम्ही म्हणालो, "अरे, आपल्या मॉरिशसमध्ये 95 मिळते. एवढ्या श्रीमंत देशात 87?"

भाचा हसून म्हणाला, "मामा, मास्तर तुम्ही. तुम्हीच सांगा."

आम्हाला सांगता आले नाही. मग पुस्तके चाळली आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, तो त्याचा धीर आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडते. ज्योत पोहोचण्याआधीच काही मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकले, तर टकटक आवाज होतो व इंजिन खराब होते. जे पेट्रोल धीर धरते, त्याचा आकडा मोठा. हा धीर दोन चाचण्यांनी मोजतात, एक सौम्य व एक कडक. आपल्याकडे व भारतात सौम्य चाचणीचा आकडा देतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. म्हणून तेथील 87 म्हणजे आपल्याकडील सुमारे 91 किंवा 92. फरक आहे, पण दिसतो तेवढा नाही.

आता इथेनॉल. हा साधा मद्यार्क. अमेरिकेत तो मुख्यतः मक्यापासून करतात, ब्राझीलमध्ये उसापासून. अमेरिकन पद्धतीने त्याचा आकडा जवळजवळ 100 येतो. साधारण 84 आकड्याच्या पेट्रोलमध्ये एक दशांश इथेनॉल घातले की 87 होते. शाळेतल्या सरासरीच्या हिशेबाने 86 देखील येत नाही. मिश्रणात इथेनॉल हिशेबापेक्षा अधिक काम करते.

हा गुण संशोधकांना शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होता. तरी 1921 मध्ये शिशाचे एक संयुग सापडले आणि तेच पेट्रोलमध्ये घालू लागले, कारण ते चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंट घेता येई. ऑक्टोबर 1924 मध्ये जर्सी सिटीपासून थोड्याच अंतरावर, बेवे येथील तेल कारखान्यात हे संयुग करताना पाच कामगार विषबाधेने मेले. मरण्यापूर्वी त्यांना भ्रम झाला होता. तरीही ते पेट्रोल चालूच राहिले. मोटारींच्या धुरातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरले. अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी त्यावर 1996 मध्ये पूर्ण बंदी आली आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 मध्ये थांबला. शिशाऐवजी घातलेल्या दुसऱ्या एका रसायनाने भूजल बिघडविले. न्यू जर्सीने 2009 पासून त्यावरही बंदी घातली. त्याची जागा इथेनॉलने घेतली.

महाराष्ट्रात 2001 साली मिरज व मनमाड येथे इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. 2025 मध्ये भारताने 20 टक्क्यांचा टप्पा गाठला.

पण इथेनॉलचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे 10 टक्के मिश्रणावर मोटार सुमारे 3 टक्के कमी धावते. ते पाणीही ओढून घेते. शिवाय ज्या मोटारीला 87 पुरते, तिला 93 पाजून काही लाभ नाही. मोटारीच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच भरावे.

आपले पणजोबा ऊस तोडण्यासाठी या बेटावर आले. त्या उसाच्या मळीपासूनही हाच मद्यार्क निघतो. मुलांनी विचारले, तर एवढे तरी त्यांना सांगता यावे. आम्हाला ते भाच्याला त्याच वेळी सांगता आले नाही, ही खंत आहे.