घरातील चित्रकलेसाठी ईझल निवडताना

चित्रकलेचा छंद नव्याने जडला की खरेदीच्या यादीत रंग, कुंचले आणि कॅनव्हास यांना अग्रक्रम मिळतो. ईझलचा विचार होतो तो सर्वांत शेवटी आणि बहुधा दुकानात उभे राहूनच. मग एखादा उंचापुरा, महागडा ईझल घरी येतो, काही दिवस दिवाणखान्याची वाट अडवतो आणि अखेर माळ्यावर जाऊन पडतो. पुष्कळदा त्याच्यापाठोपाठ छंदही मागे पडतो. हे टाळायचे असेल तर रंगांचे माध्यम, चित्राचा आकार आणि घरातील जागा या तीन गोष्टींचा विचार आधी व्हायला हवा; किंमत त्यानंतर.

मुळात ईझलची गरज काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. टेबलावर कागद आडवा ठेवून काम केल्यास त्याचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर जातो आणि आखूड भासतो. त्यामुळे नकळत रेखाटनाचे प्रमाण बिघडते. शिवाय तासन्‌तास वाकून बसल्याने मान आणि पाठ भरून येते. ईझल चित्राला नजरेसमोर आणतो. 'ईझल' हा शब्द गाढव या अर्थाच्या डच शब्दावरून आला आहे. निमूटपणे भार वाहणे आणि जागचे न हलणे, हीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

माध्यमानुसार कोन

तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकसाठी कॅनव्हास जवळजवळ उभा लागतो. तो किंचित पुढे झुकवता आला तर ओल्या रंगावरील प्रकाशाची चमक डोळ्यांवर येत नाही. पेस्टलमध्येही हा पुढचा झुकाव उपयोगी पडतो. रंगाची भुकटी चित्रावर न बसता खाली पडते. जलरंगाची गोष्ट नेमकी उलट आहे. उभ्या कागदावर ओला रंग ओघळतो, म्हणून त्यासाठी १५ ते ३० अंशांचा मंद उतार हवा. जलरंगात काम करणाऱ्याने फळी आडवी करता येत नसेल असा ईझल घेणे म्हणजे पैसे वाया घालवणेच होय.

जागेचे गणित

इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराची चौकट असलेला ईझल सर्वांत भक्कम. मोठ्या कॅनव्हाससाठी तोच योग्य. मात्र तो कायम एका जागी राहतो आणि चित्र न्याहाळण्यासाठी त्याच्यासमोर दोन-तीन पावले मागे सरकण्याइतकी मोकळी जागा लागते. 'ए' आकाराचा तीन पायांचा ईझल मिटवून भिंतीला टेकवता येतो. अर्ध्या इम्पीरियल कागदापर्यंत, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांपर्यंतच्या चित्रांना टेबलावर ठेवायचा छोटा ईझल पुरतो. एक-दोन खोल्यांच्या घरात, तसेच बसून काम करणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो अधिक सोयीचा. बाहेर जाऊन निसर्गचित्रे काढणाऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचा ईझल हलका पडतो; पण वाऱ्यात तो डगमगतो, म्हणून मधोमध पिशवी टांगून त्याला वजन द्यावे लागते.

खरेदीपूर्वी पारख

दुकानात ईझल पूर्ण उघडून त्यावर फळी चढवावी आणि रंगवताना पडतो तेवढा दाब हाताने देऊन पाहावा. ईझल हलला किंवा फळी सरकली तर तो घेऊ नये. आपल्याला लागणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान कॅनव्हास त्यावर बसतो का, बसून व उभे राहून अशा दोन्ही स्थितींत चित्राचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर येतो का, हेही तपासावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत लोखंडी पेच गंजतात आणि कच्चे लाकूड फुगून सांधे अडकतात. त्यामुळे चांगले वाळवलेले लाकूड आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे पेच यांसाठी थोडे अधिक पैसे मोजणे हिताचे ठरते.

घरी ईझल खिडकीजवळ ठेवावा. उत्तरेकडील उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. उजव्या हाताने रंगवणाऱ्याच्या डाव्या बाजूने प्रकाश आला की हाताची सावली चित्रावर पडत नाही. कामावरून परतल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात मांडामांड न करता कुंचला हाती घेता आला, तर तो ईझल त्या घरासाठी योग्य आहे असे समजावे.