डोळ्याचे चिन्ह आणि झाकलेला मजकूर

आपल्या मंडळांची संकेतस्थळे आता अनेक ठिकाणी घरचीच मंडळी तयार करतात. इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, कार्यकारिणीतील एखादी महाविद्यालयीन कन्या किंवा बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका वर्डप्रेसवर एलेमेंटर हे साधन बसवितात आणि संगणकाच्या भाषेची एक ओळही न लिहिता मजकूर, छायाचित्रे, बटणे उचलून पानावर मांडतात. या स्वावलंबनाचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु या मांडणीत ‘लपविणे’ या एकाच शब्दाचे दोन अगदी निराळे अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत आपल्या घरांना महाग पडू शकते.

गणेशोत्सवाचा मोठा फलक वर आणि कार्यक्रमपत्रिकेची चौकट त्याखाली, असे थर चढले की खालच्या चौकटीपर्यंत हात पोहोचत नाही. अशा वेळी बाजूस पानाच्या रचनेची यादी उघडावी. पूर्वी तिला नॅव्हिगेटर म्हणत, आता स्ट्रक्चर म्हणतात. तीत प्रत्येक घटकासमोर डोळ्याचे लहानसे चिन्ह असते. ते दाबताच वरचा थर दिसेनासा होतो व खाली निर्वेधपणे काम करता येते. मात्र हे लपणे केवळ मांडणी करणाऱ्याच्या दृष्टीपुरते असते. संकेतस्थळास भेट देणाऱ्यास तो फलक पूर्ववत दिसत राहतो. या कामासाठी उघडझाप करणारा डोळाच का योजिला, कोण जाणे. नवख्याची फसगत व्हावी असेच ते चिन्ह आहे.

दुसरे लपविणे याच्या नेमके उलट. प्रगत विभागात ‘रिस्पॉन्सिव्ह’ या सदराखाली संगणक, टॅबलेट व मोबाइल यांवर घटक लपविण्याच्या तीन स्वतंत्र कळा आहेत. त्या दाबल्या की मांडणी करणाऱ्यास घटक फिकट दिसतो आणि पाहुण्यास मुळीच दिसत नाही. रुंद तक्ता मोबाइलवर मावेना, तर तेथे तो लपवून आटोपशीर मजकूर द्यावा, यासाठी ही सोय उत्तम आहे.

खरी मेख याच सोयीत आहे. पाहुण्यास न दिसणारा तो मजकूर त्याच्या यंत्रावर जातोच. पानासोबत ब्राउझरला एवढीच सूचना मिळते की, हा भाग दाखवू नये. १९९६ सालच्या पहिल्या सीएसएस नियमावलीपासून ही सूचना प्रचलित आहे आणि ती शोभेसाठी आहे, गुप्ततेसाठी नव्हे. संगणकावर कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या की पानाची मूळ संहिता उघडते, आणि ‘लपविलेले’ सारे तीत जसेच्या तसे वाचता येते. शोधयंत्रेही ती संहिता वाचतात.

आता आपल्या वधूवर सूचक विभागाचा विचार करा. मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, वडिलांचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक. मेळावा पार पडतो, स्थळे जुळतात, आणि ‘पुढल्या वर्षी उपयोगी पडेल’ म्हणून तो विभाग तिन्ही कळा दाबून झाकला जातो. विश्वासाने माहिती देणाऱ्या कुटुंबास वाटते की ती निघाली. ती तेथेच असते. हा हलगर्जीपणा क्षम्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उत्सवाची सजावट पुन्हा लागणार असेल, तर तो विभाग साचा म्हणून जतन करावा व पानावरून काढावा. संपूर्ण पानच तूर्त नको असल्यास ते मसुद्याच्या स्थितीत न्यावे. व्यक्तिगत माहिती मात्र खोडूनच टाकावी. आणि तेवढ्यावरही थांबू नये: सभासदांची सूची पीडीएफ रूपात चढविली असेल, तर पानावरील दुवा काढल्याने ती फाइल जात नाही. ज्याच्यापाशी तिचा थेट पत्ता आहे, त्याला ती उघडता येते. माध्यमसंग्रहात जाऊन ती वेगळी पुसावी लागते.