आई, तू बस!

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी पडलो. न्हाणीत नव्हे, रस्त्यावरच्या चिखलात नव्हे. पलंगाशेजारी उभ्याने पँट चढवताना. चौतीस वर्षे बँकेची नोकरी केली. रोज पावणेदहाच्या घाईत असाच एका पायावर उभा राहून पँट घातली, आणि त्यात काही कसब आहे असे कधी वाटले नाही. त्या दिवशी मात्र पाय अडकला आणि मी आडवा! मनगट सुजले, एवढ्यावर निभावले. घरात सांगितले, 'पाय घसरला.' साठीनंतर 'पडलो' म्हणणे फार जड जाते.

मनगट शेकता शेकता आठवली ती आई.

वडील गेल्यावर तिला आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावाहून गोंदियाला आणले. गावी ती बांधीच्या धुऱ्यावरून चालत असे. धानाचा धुरा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: वीत-दीड वीत रुंदीची मातीची वाट, दोन्ही बाजूंना चिखलपाणी आणि रोवणीच्या दिवसांत वरून निसरडी. डोक्यावर पऱ्ह्यांचा भार घेऊन बाया त्यावरून गप्पा मारत जातात. मी सुटीत गेलो की पायांकडे बघत चालायचो आणि हमखास घसरायचो. आई मागून म्हणायची, "खाली काहाले पाहतं? पायाले समजते ना!"

गोंदियाच्या घरात आम्ही तिला सुखात ठेवले. पाणी भरायला उठली की 'आई, तू बस.' तांदूळ निवडायला जमिनीवर टेकू लागली की 'आई, खुर्चीवर बस.' शेजारी आमचे कौतुक करीत. दोन वर्षांत ती भिंतीला हात लावून चालू लागली. आम्ही म्हटले, वय झाले. एका रात्री लघवीला उठली, पायपुसण्यात अडखळली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण ती पुन्हा धड चालली नाही. आठ महिन्यांत गेली. त्या पायपुसण्याला मी वर्षानुवर्षे दोष देत आलो.

नोकरीत दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला येणारे पेन्शनर मी पाहत असे. एका वर्षी ताठ चालत आलेला माणूस पुढच्या वर्षी मुलाच्या हाताला धरून येई. विचारले तर बहुधा मधे एक पडणे असे. तेव्हा मी दाखल्यावरची सही तेवढी तपासली.

आता वाचू लागलो तेव्हा कळले की तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाच्या आतल्या भागातले तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे. मेंदू या तिघांचा मेळ घालतो आणि स्नायू ऐनवेळी सावरून धरतात. वयाबरोबर सगळेच मंदावतात. मधुमेहात तळपाय बधिर होतात. दुहेरी भिंगांचा चष्मा जिना उतरताना पायरी भलतीकडे दाखवतो. मांड्यांचे स्नायू तर न वापरल्याने झपाट्याने झिजतात. आईचे 'पायाले समजते' खरेच होते. गुळगुळीत फरशी, खुर्ची आणि पलंग. पायांना समजून घ्यायला आम्ही काही ठेवलेच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल हेच कारण. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर पाचांतल्या एकाला ते जमले नव्हते. (आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांत माणसाएवढा उंच सारस एका पायावर निवांत उभा असतो. मी त्याच्याकडे हल्ली जरा असूयेने बघतो.)

दिलाशाची गोष्ट ही की गेलेला तोल बराचसा परत मिळवता येतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम तयार झाला. पायांना बळ देणारे आणि तोल सुधारणारे साधे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणे. त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. मी आता ओट्याला धरून टाचा उचलतो, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालतो, हात न टेकता खुर्चीवरून उठतो. एका पायावर सहा सेकंदांवरून चौदापर्यंत आलो आहे. मोजायला सौभाग्यवती घड्याळ घेऊन जवळ उभ्या असतात. ज्यांना चक्कर येते किंवा जे आधी पडले आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे सुरू करावे. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांबद्दलही तेव्हाच विचारावे, कारण उठताच डोळ्यांपुढे अंधारी येण्यामागे पुष्कळदा त्याच असतात. रात्री उठल्यावर क्षणभर पलंगाच्या काठावर बसावे. संडासाच्या वाटेवर दिवा आणि आत भिंतीला दांडी हवी. सैल सपाता आणि सुटी पायपुसणी मी घरातून काढून टाकली.

माझी मोठी बहीण दिवाळीपासून आमच्याकडे आहे. वय ७६. परवा सूप घेऊन ती जमिनीवर बसू लागली तशी सूनबाई धावली, "आत्याबाई, राहू द्या तुम्ही!" मी म्हटले, जवळ उभी राहा, पण बसू दे. तांदूळ निवडून झाल्यावर अक्काने खुर्चीच्या हाताला धरले. दोनदा जमले नाही. तिसऱ्यांदा उठली.

"काय पाहून राहिले रे सारे?" म्हणाली, आणि तांदूळ धुवायला आत गेली.